लव्हाळ्याची गाठ

नाशिकात हल्ली ‘लॉन्स’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गवत येत नाही, लग्न येते. निमंत्रणपत्रिकेवर विवाहस्थळ म्हणून अमुक लॉन्स किंवा तमुक लॉन्स असे छापलेले असते, आणि तेथे पोहोचल्यावर पाहुण्यांच्या पायांखाली गालिचा व गालिच्याखाली गुदमरलेले गवत अशी व्यवस्था आढळते. शब्दाचा असा संसार थाटला गेला असला तरी मूळ वस्तू, म्हणजे जिला मराठीत हिरवळ असे गोड नाव आहे ती, आमच्या घरांपुढे तशी नवीनच आहे. अंगण सारवलेले असावे, मध्ये तुळशीवृंदावन असावे आणि अंगणात गवताची काडी दिसल्यास तो घरच्या सुनेचा आळस समजावा, ही आमच्या आजीच्या पिढीची रीत होती. दारात गवत मुद्दाम लावावे, त्याला पिण्याचे पाणी पाजावे, ते वाढले की कापावे आणि कापलेले गवत गाईलाही न घालता फेकून द्यावे, असे त्या माउलीला कोणी सांगितले असते तर तिने सांगणाऱ्याच्या कपाळावर हात ठेवून ताप आहे की काय हे पाहिले असते.

ही हौस इंग्रजांच्या बंगल्यांबरोबर आली. तिकडेही ती पूर्वी सरदारांचीच होती, कारण विळ्याने गवत एकसारखे कापण्यास माणसांचा मोठा ताफा लागे. १८३० साली एडविन बडिंग नावाच्या कारागिराने, गिरणीत लोकरी कापडाची लव कातरणारे यंत्र पाहून, गवत कातरण्याचे यंत्र बनविले आणि हिरवळ मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आमच्या नाशिकात ज्या मैदानाला आज हुतात्मा अनंत कान्हेरे ह्यांचे नाव आहे, त्याला जुनी माणसे अद्याप ‘गोल्फ क्लब’ म्हणतात. साहेब गेला, त्याचा खेळही त्या मैदानावरून गेला. गवत मात्र राहिले आणि आता त्यावर क्रिकेट चालते. पुढे शहराभोवती वसाहती उठल्या, प्रत्येक घरापुढे चार हात मोकळी जागा राहिली आणि रोपवाटिकांतून गवताचे चौकोनी तुकडे टेम्पोत घालून दारोदार येऊ लागले. हिरवळीपाठोपाठ ‘तण’ हा शब्दही शेतातून अंगणात आला. एरवी निंदणी-खुरपणीशी ज्यांचा संबंध केवळ ग्रामीण कथा वाचण्यापुरता होता, त्या सुशिक्षित कुटुंबांत आता संध्याकाळच्या चहाबरोबर लव्हाळ्याची चर्चा चालते.

तण म्हणजे काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. १९७७ साली लेरॉय होम ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह जगातील सर्वांत उपद्रवी तणांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पहिले स्थान लव्हाळ्याला आहे व दुसरे हरळीला. आता हरळी म्हणजे कोण? आपल्या दूर्वा! जिची २१ पात्यांची जुडी रविवार कारंज्यावरच्या चांदीच्या गणपतीला वाहताना आपण डोळे मिटतो, तीच ही. श्रावणात जिवतीला आघाडा व दूर्वा ह्यांची माळ लागते. त्यांतील आघाडाही बागवानाच्या लेखी तणच. आणि ह्या यादीचा जो शिरोमणी लव्हाळा, त्याच्या गाठी म्हणजे वैद्यांचा मुस्ता, आपला नागरमोथा. दिवाळीच्या पहाटे उटण्याला जो सुवास येतो त्यात त्याचा वाटा असतो. कालिदासालाही तो परका नव्हता. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात दुष्यंत मृगया थांबवितो तेव्हा रानडुकरांना डबक्याकाठचा मुस्ता निर्धास्त उकरू दे, असे तो म्हणतो. लव्हाळ्याचा निसर्गातला शत्रू कोण, हे त्या कवीला आमच्या वसाहतीतील पुष्कळ मंडळींपेक्षा अधिक ठाऊक होते, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की तण ही केवळ मानण्याची गोष्ट आहे, सबब ते वाढू द्यावे. आम्ही ह्या मताचे नाही. देवाला दूर्वा प्रिय असल्या तरी गुलाबाच्या वाफ्यात शिरलेली हरळी गुलाबाचे पाणी पितेच. गाजरगवतासारख्या वनस्पतीविषयी तर अशी उदारता दाखविणे हा अपराध होय. अमेरिका खंडातील हे गवत पुण्यात आढळल्याची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली. परदेशी गव्हाबरोबर ते आले अशी सार्वत्रिक समजूत आहे. पाहता पाहता त्याने सगळा देश व्यापला. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगावर खाज व चट्टे उठतात, परागाने दम्याचा त्रास वाढतो. त्याला खाणारा मेक्सिकन भुंगा बंगळूरजवळ १९८४ साली सोडण्यात आला. तो पावसाळ्यात आपले काम करतो, परंतु एकटा पुरा पडत नाही. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी हातमोजे घालून मुळासकट उपटावे ह्याविषयी दुमत नसावे. प्रश्न आहे तो हिरवळीतील मुरलेल्या चिवट रहिवाशांचा, आणि त्यातही लव्हाळ्याचा.

तुकोबांनी नम्रतेचा धडा देताना महापुरातून तरून जाणारा लव्हाळा पुढे केला, ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही माहीत असते. गोदावरीच्या काठी राहणाऱ्यांना त्यासाठी ग्रंथ उघडावा लागत नाही. दुतोंड्या मारुतीला पाणी किती लागले ह्यावर आम्ही नाशिककर पूर मोजतो. पूर ओसरला की काठावरचे मोठे वृक्ष आडवे झालेले दिसतात आणि गाळातून हिरव्या शेंड्या पुन्हा डोके काढतात. हा चिवटपणा कोठून येतो हे मात्र पानांकडे पाहून कळत नाही. लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण गवत नव्हे. त्याचा दांडा चिमटीत धरून फिरवून पाहावा. तो गोल न लागता तीन धारांचा लागतो. त्याची खरी वस्ती जमिनीखाली असते. तेथे बारीक दोऱ्यांसारख्या खोडांनी एकमेकींना जोडलेल्या काळ्या गाठींच्या माळा पसरलेल्या असतात. बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीतच असतात. एक शेंडा वाढत असतो तोवर माळेतल्या कित्येक गाठी झोपून राहतात. आपण रागाने वरचा शेंडा उपटला की माळ तुटते, झोपलेल्या गाठी जाग्या होतात आणि एकाच्या जागी तीन शेंडे येतात. ज्यांनी रविवारची सबंध सकाळ घाम गाळून लव्हाळा उपटला आणि पुढच्या रविवारी तो दुप्पट पाहिला, त्यांच्या नशिबाचा ह्यात काही दोष नाही.

हे शास्त्र ग्रंथांत आहे, परंतु ते आमच्या अंगणात प्रथम ज्या व्यक्तीच्या हातांत दिसले तिला ग्रंथांशी कर्तव्य नव्हते. नाशिकच्या द्राक्षबागांत कामासाठी पेठ आणि सुरगाणा ह्या भागांतून पुष्कळ कुटुंबे येतात. अशांपैकी एक वयस्क बाई बागेचे काम नसले की वसाहतीत खुरपणीला येत असे. तिचे खुरपे घासून इतके लहान झाले होते की ते चमच्यासारखे दिसे. ती लव्हाळ्याचे पान धरीत नसे. बोटभर अंतरावर खुरपे तिरपे घालून गाठ खालून उचलीत असे, आणि गाठीला लागलेला दोरा जिकडे जाई तिकडे माती उकरीत दुसऱ्या गाठीपर्यंत पोहोचत असे. आम्ही तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “वरून उपटलं की त्याला बरंच वाटतं, सर. खालची गाठ निघाली तर निघालं म्हणायचं.” काम संपल्यावर तिच्याजवळ तीन ढीग असत. पहिला घोळ आणि माठ ह्यांचा. ती संध्याकाळची भाजी. दुसरा शेळ्यांचा. तिसरा लव्हाळ्याच्या गाठींचा. तो ती खताच्या खड्ड्यात कधी टाकीत नसे, तर तापलेल्या पत्र्यावर पसरून ठेवीत असे. गाठ ओल्या खतात मरत नाही, उन्हात वाळली की मरते. शेतकरी वैशाखात जमीन नांगरून ढेकळे तापू देतो त्याचेही कारण हेच आहे. तिच्या तीन ढिगांकडे पाहून तणाची जी व्याख्या आमच्या मनात ठसली ती कोणत्याही कोशात आम्हांला आढळली नाही.

पण एक बाई आणि एक खुरपे ह्यांनी चार गुंठ्यांची सामाईक हिरवळ किती दिवसांत निंदून होणार? हा प्रश्न आमच्या वसाहतीच्या सभेत निघाला. गेल्या खेपेचा पाऊस सरत आला होता, सप्टेंबर अखेर. हिरवळीत लव्हाळ्याबरोबर एकदांडी, आंबुशी, दुधी अशी रुंद पानांची मंडळी माजली होती. एका निवृत्त अभियंत्यांनी तणनाशक फवारावे असा ठराव मांडला, आणि त्यांचे म्हणणे मुळीच पोरकट नव्हते. मजूर मिळत नाहीत. म्हाताऱ्यांचे गुडघे वाकत नाहीत. गवत माजले की त्यात मुले खेळतात आणि गेल्या वर्षी तेथे घोणस निघाली होती. एका सकाळच्या फवारणीने जे होते त्यासाठी वर्षभर कष्ट का करावेत? यंत्रयुगात राहावयाचे आणि खुरप्याची आरती ओवाळावयाची ह्यात तर्क कोठे आहे?

औषधांची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. टू-फोर-डी हे रसायन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड व अमेरिका येथे सिद्ध झाले आणि १९४५ पासून विकले जाऊ लागले. वनस्पतीच्या वाढीच्या रसाची ते नक्कल करते. रुंद पानांचे झाड वेडेवाकडे वाढून मरते आणि गवत बहुतांशी वाचते, म्हणून हिरवळवाल्यांना ते वरदान वाटले. लव्हाळ्याच्या गाठींवर मात्र त्याची मात्रा फारशी चालत नाही. १९७४ साली ग्लायफोसेट बाजारात आले. ते पानातून गाठीपर्यंत उतरते खरे, पण त्याला आपपर भाव नाही. लव्हाळ्याबरोबर हिरवळही जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१५ साली त्याला माणसास बहुधा कर्करोगकारक ठरविले. अमेरिका व युरोप येथील नियामक संस्थांनी ते मत स्वीकारले नाही. आमच्या केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढून त्याचा वापर कीडनियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्यांमार्फतच व्हावा असे ठरविले. लव्हाळा निवडून मारणारे हॅलोसल्फ्युरॉन हे औषध उसाच्या शेतात वापरतात. परंतु शेतातील पिकासाठी ठरविलेले औषध मुलांच्या खेळण्याच्या जागी आपल्या मनाने ओतणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. सभेपुढे होते ते टू-फोर-डी, कारण ते स्वस्त होते आणि दुकानात सहज मिळत होते.

आमची वसाहत मखमलाबादच्या बाजूस आहे. भिंतीपलीकडे एक द्राक्षबाग आहे, शहराच्या तोंडून अजून सुटलेली. ठरावाची वार्ता तिच्या मालकाच्या कानी गेली आणि तो गृहस्थ सभा चालू असतानाच आला. चपला बाहेर काढून दाराशी उभा राहिला. द्राक्षाचा वेल टू-फोर-डीला विलक्षण भितो. त्याचा उडालेला तुषार, काही प्रकारांत तर नुसती वाफ, वाऱ्याबरोबर वेलावर आली तरी पुरते. पाने चुण्या पडलेल्या पंख्यासारखी होतात, शिरा एकमेकींजवळ येतात, घड नीट धरत नाही. आणि नाशिकात फळछाटणी होते ती नेमकी सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे पावसाने माजलेले तण पाहून घरमालकाचा हात फवाऱ्याकडे जातो, त्याच दिवसांत वेलीवर कोवळे फुटवे आलेले असतात. त्या गृहस्थाने एवढे सगळे सांगितले नाही. तो इतकेच म्हणाला, “दादा, तुमचं ते गवत आहे. माझं वर्ष आहे.”

सभेत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग अभियंत्यांनीच विचारले की वारा नसताना पहाटे फवारले तर? तेव्हा तो हात जोडून म्हणाला, की वाऱ्याची हमी तुम्ही देत असाल तर खुशाल फवारा. ह्यावर हशा झाला, पण ठराव तेथेच बुडाला.

आमच्या मते हा प्रसंग हिरवळीचा नाही, कुंपणाचा आहे. माणूस आपल्या हद्दीत काय करतो ह्याचा हिशेब आपण भिंतीपाशी थांबवितो. तुषार थांबवीत नाही, आणि भूजलही थांबवीत नाही. शेतकऱ्याला तण हे पोटाचे संकट आहे. त्याने मजुरीचा हिशेब करून, माहिती घेऊन औषध वापरले तर त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हां पगारदारांना नाही. परंतु ज्या गवतावर कोणाचे पोट नाही, त्या गवताच्या शोभेसाठी दुसऱ्याचे पीक पणाला लावणे ही गोष्ट निराळी. गोदावरीकडे पाहा. नदीचे पात्र जलपर्णीने झाकते, महापालिका ती काढते आणि ती पुन्हा येते. ही वनस्पतीही दक्षिण अमेरिकेतून जगभर पसरली ती तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने. कोणा हौशी माणसाला आपल्या तळ्यात शोभा हवी होती.

मग हिरवळीचे काय करावे? फवारणी बंद म्हणून हात बांधून बसावे असे नव्हे. लव्हाळ्याचे वर्म दोन गोष्टींत आहे. त्याला सावली सोसत नाही, आणि त्याच्या गाठीतील शिदोरी पानांनी भरावी लागते. म्हणून हिरवळ गालिच्यासारखी तासू नये. दोन इंचांपर्यंत उंच राहू द्यावी आणि एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापू नये, म्हणजे गवत दाट होऊन खालच्या शेंड्यांवर सावली धरते. पाणी रोज शिंपडू नये. अंतराने पण खोलवर द्यावे, कारण सदा ओली व निचरा नसलेली जागा लव्हाळ्याचे माहेर आहे. शेंडा वर आल्यापासून तीन ते सहा आठवड्यांत त्याला नव्या गाठी धरू लागतात. तेव्हा दर पंधरवड्यास तो खुरप्याने गाठीसह, निदान मातीच्या आत खुडून काढावा. प्रत्येक खेपेस नवे पान काढताना गाठ आपली शिदोरी मोडते, आणि ती भरण्यास तिला सवड मिळत नाही. बाहेरून माती अथवा शेणखत आणताना ते कुजलेले व चाळलेले आहे ना हे पाहावे. पुष्कळ घरी लव्हाळा पैसे देऊन विकत आणलेला असतो. एवढे करून तो जाईल काय? एका हंगामात जाणार नाही. उणा होईल.

‘उणा होईल’ ह्या उत्तराने आजच्या माणसाचे समाधान होत नाही, आणि बाटलीवरची जाहिरात त्याच्या ह्याच असमाधानावर जगते. एकदाचे काय ते संपवून टाकू, असे ती म्हणते. परंतु घरातील किती कामे अशी एकदाची संपतात? केर रोज काढतो, भांडी रोज घासतो, दाढी रोज करतो, आणि ह्यांपैकी कोणतेही काम उद्या पुन्हा करावे लागेल म्हणून आपण आज हताश होत नाही. जुन्या लोकांनी अशा कामांना नित्यकर्म म्हटले. त्याचे पुण्य मिळत नाही, न केल्यास दोष मात्र लागतो. तण काढणे हे त्याच जातीचे काम आहे.

वसाहतीच्या सभेने शेवटी दोन गोष्टी ठरविल्या. प्रत्येक घराने दरमहा थोडी वर्गणी द्यावी आणि त्यातून त्या बाईला व तिच्या सुनेला, बागेच्या मजुरीहून कमी नाही अशा दराने, पंधरा दिवसांतून दोन दिवस बोलवावे, हे पहिले. पंधरवड्याच्या रविवारी घरटी एका माणसाने तासभर खुरपे घेऊन बसावे, हे दुसरे. पहिली गोष्ट नीट चालू आहे. दुसरीला उपस्थिती परीक्षेच्या दिवसांत कमी आणि थंडीत बरी असते. अभियंत्यांनी लाकडी पट्ट्यांचा एक चौरस करून घेतला आहे. तो ठरावीक चार जागी टाकून आतले शेंडे मोजतात आणि वहीत मांडतात. आकडा उतरतो, पावसाळ्यात पुन्हा चढतो, पण मागल्या पावसाळ्याइतका चढत नाही, असे ते सांगतात, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा धरणाची पातळी वाचणाऱ्यासारखा गंभीर असतो. त्या छाटणीचे घड फेब्रुवारीत उतरले तेव्हा बागेच्या मालकाने भिंतीवरून एक करंडी दिली. ती मुलांनी हिरवळीवरच बसून संपविली, आणि त्या बाईने दोन घड पदरात बांधून नातवंडांसाठी नेले.